डाव्या गुडघ्याची पत्रिका

ती पत्रिका मी बनवली. आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाला शोधाशोध नको.

लग्नपत्रिका आणि बॅनर छापणाऱ्या एका दुकानात मी कॉम्प्युटरवर बसतो. त्या दुपारी गिऱ्हाईक नव्हतं, मालक खुर्चीत मान टाकून झोपले होते, आणि रिकामं मन सैतानाचं घर म्हणतात, त्या घराला माझ्याकडे इंटरनेटही आहे. सोनेरी वेलबुट्टीची एक तयार चौकट उघडली आणि तिच्यात लिहिलं : 'चि. डावा गुडघा, फरशीवाले काका यांचे ज्येष्ठ चिरंजीव, आणि चि. सौ. कां. उजवा गुडघा, बालवाडीच्या बाई यांची द्वितीय कन्या, यांचा शुभविवाह येत्या सोमवारी सकाळी उपाशीपोटी. स्थळ : ऑपरेशन थिएटर. आहेर आणू नये, काठी आणावी.'

पत्रिका आमच्या गुडघ्यांच्या ग्रुपवर टाकली. ग्रुप हसला. संध्याकाळी पडद्यावर एक बारीक करडी ओळ आली : बालवाडीच्या बाई ग्रुपमधून बाहेर पडल्या. दुसऱ्या दिवशी कळलं, की सोमवारचं ऑपरेशन बाईंनी रद्द केलं. आणि ते कळल्यावर फरशीवाल्या काकांनी आपलंही रद्द केलं. पत्रिका छापल्यावर लग्न मोडलेलं मी धंद्यात पाहिलंय. ऑपरेशन मोडलेलं पहिल्यांदाच पाहिलं.

आता हा ग्रुप काय ते सांगतो. आमच्या भागात एक फिजिओथेरपिस्ट मॅडम आहेत. गुडघ्याच्या पेशंटना घरी व्यायाम करता यावा म्हणून त्यांनी तो काढला. नाव ठेवलं होतं 'गुडघा व्यायाम'. ते कोणाला आवडलं नाही. बँकेतून रिटायर झालेले एक गृहस्थ आहेत, त्यांना सगळे बँकवाले म्हणतात. त्यांनी ते बदलून 'गुडघे टेकणार नाही' केलं. ग्रुपचा नियम एकच : फक्त व्यायामाबद्दल बोलायचं. हा नियम मॅडम रोज लिहितात, म्हणजे तो पाळला जात नाही हे वेगळं सांगायला नको.

मी तिथे वयानं सगळ्यात लहान. माझं लिगामेंट फाटलं होतं, म्हणून नाव पडलं लिगामेंट. फुटबॉल खेळताना फाटलं, असं मी सांगितलं होतं. बाईंनी विचारलं, 'कोण जिंकलं?' मला पटकन सांगता आलं नाही. मोबाइल बघत जिना उतरताना शेवटची पायरी चुकली होती, ती गोष्ट बाईंनी माझ्याकडून दोन प्रश्नांत काढून घेतली आणि ग्रुपवर जाहीर केली : 'ह्याची अक्कल गुडघ्यात होती. तीही फाटली.'

अशा ह्या बाई. आणि त्यांना पुरून उरणारा माणूस ग्रुपवर एकच, फरशीवाले काका.

उभं आयुष्य असं म्हणायची आपल्यात पद्धत आहे. काकांनी ते गुडघ्यावर काढलं. सोळाव्या वर्षी हातात थापी घेतली ती साठी ओलांडल्यावर खाली ठेवली. एवढ्या काळात डावा गुडघा आधी टेकायचा आणि उजवा मागून, अशी सवय, म्हणून डावा जास्त झिजला. स्वतः सांगतात, 'जन्मभर लोकांच्या घरातले सांधे भरले. माझे भरायचे राहिले.'

त्यांच्या घरी गेलात तर खाली बघून चालावं लागतं. घरातली जमीन उरलेल्या फरश्यांची आहे. कुठल्या डॉक्टरच्या बाथरूममधल्या दोन निळ्या, कुठल्या मिठाईवाल्याच्या दुकानातली एक लाल, कुणाच्या जिन्यावरची काळी. एकीला दुसरीचं तोंड माहीत नाही. पण हात फिरवून बघा, कुठे नख अडकणार नाही. काका माणसं ओळखतात तीही जमिनीवरून. बँकवाल्यांचं नाव काढलं की म्हणतात, 'कोण, ते होय? पांढरी मागितली आणि वर्षभरात रडत आले, की डाग दिसतात.'

सिमेंटनं त्यांच्या अंगठ्यावरच्या रेषा खाऊन टाकल्यात. त्यामुळे त्यांचा फोन त्यांना ओळखत नाही. मुलानं हौसेनं अंगठ्यानं उघडणारा फोन आणून दिला आणि फोननं घरच्या मालकालाच दारात उभं केलं. आता ते आकडे दाबून उघडतात आणि बोटाच्या पेरानं टाइप करतात, दारावर टकटक केल्यासारखं. म्हणून त्यांचे निरोप दोन-तीन शब्दांचे. तेवढे त्यांना पुरतात.

सकाळी मॅडम व्हिडिओ टाकायच्या. पाय सरळ, टाच उचला, दहापर्यंत मोजा. लगेच खाली काका : 'झालं.'

बाई : 'व्हिडिओ अजून संपला नाही.'

काका : 'माझा पाय संपला.'

बाई : 'दहा मोजलेत का?'

काका : 'बालवाडीत दहाच्या पुढे नाही वाटतं.'

बाई : 'आहे. पण फरशीवाल्याचं पोर असलं की आम्ही नऊवर थांबतो. एक फुटतेच.'

मग बँकवाले गुलाबाचं फूल टाकायचे, मॅडम नियम टाकायच्या आणि सकाळ पार पडायची. दोघांची प्रत्यक्ष भेट म्हणजे मॅडमच्या क्लिनिकमध्ये, बाकावर, आठवड्यातून एकदा. तिथे ते फारसं बोलत नसत. बोलायचं ते आधीच फोनवर बोलून झालेलं असे.

ऑपरेशन दोघांनाही सांगितलं होतं, आणि दोघंही ते टाळत होते. काका म्हणायचे, 'तुम्ही आधी.' बाई म्हणायच्या, 'आमच्याकडे धीट मुलाला पुढे पाठवतात.' 'मग तुम्हीच.' असं बरंच चाललं. शेवटी बाईंनीच तोड काढली. एकाच दिवशी दोघांचं. शेजारी-शेजारी खाटा. जो आधी ओरडेल तो हरला. काकांनी पेरानं टकटक करून लिहिलं, 'चालेल.' खाटांचं मॅडमना विचारलं तर त्या 'बघू' म्हणाल्या. 'बघू' म्हणजे 'नाही', हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं, पण गरजवंताला अक्कल नसते. दोघांनी ते 'हो' असं धरलं.

मोठे डॉक्टर बाहेरगावाहून येतात. हा सोमवार हुकला की पुढची तारीख पार थंडी संपल्यावर. आणि काकांच्या बाबतीत मॅडमनी स्पष्ट सांगितलं होतं, तोवर थांबलात तर पुढे काठीनं भागणार नाही, खुर्चीच लागेल, चाकांची.

अशात मॅडमनी काकांच्या गुडघ्यावर त्या चिकटणाऱ्या रंगीत पट्ट्या लावल्या, गुलाबी आणि पिवळ्या. काकांनी फोटो टाकला. मी लिहिलं, 'उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग.' बँकवाल्यांनी विचारलं, 'नवरी कोण?' मी लिहिलं, 'ग्रुपमध्येच आहे.' त्यावर बाईंनी लिहिलं, 'लिगामेंट, व्यायाम कर.' शाळेच्या भाषेत ही शेवटची ताकीद होती. मला ती दाद वाटली. मग ती पत्रिका.

तर ऑपरेशनं रद्द झाल्यावर मॅडमनी मला क्लिनिकमध्ये बोलावलं आणि पायाला गरम पाण्याची पिशवी लावता लावता म्हणाल्या, 'तू छापलंस, तूच निस्तर.' पिशवी जरा जास्तच गरम होती.

बाई तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. मी रेलिंग धरून पोचलो. त्यांनी साखळी न काढता दार उघडलं आणि फटीतून बघितलं.

'पत्रिका द्यायला आलास?'

'माफी मागायला आलोय, बाई.'

'मग चपला बाहेर काढ.'

आत बसवलं. पाणी दिलं नाही. मग दिलं.

'राग नाहीये रे,' त्या म्हणाल्या. 'बालवाडीत एवढी वर्षं काढली, राग कुठला शिल्लक राहतोय. लेक आली होती. वीजबिल भरायला फोन हातात घेतला आणि पत्रिका वाचली. मला म्हणते, आई, हे काय चाललंय? म्हटलं, गुडघ्याचं ऑपरेशन. म्हणते, ते कळलं, हे कोण?'

'चेष्टा होती असं सांगायचं.'

'सांगितलं. ती म्हणाली, वार खरा, वेळ खरी, जागा खरी, दोन्ही माणसं खरी. मग चेष्टा कुठे आहे ती दाखव. मला दाखवता येईना.' त्यांनी पदर सारखा केला. 'आता त्या खाटेवर मी कशी झोपू, सांग. शेजारी ते. बघायला येणाऱ्याला आधी पत्रिका आठवणार, मग माझा गुडघा. लेकीच्या सासरचे येतील, तेही मिठाई घेऊन. नकोच ते.'

पाणी पिऊन उतरलो.

काकांकडे गेलो तर ते खिडकीजवळ खुर्चीत होते, फोन पालथा ठेवलेला. सगळं सांगितलं. काकांनी समोरच्या एका हिरव्या फरशीकडे बघत ऐकून घेतलं.

'तिसरा मजला ना?'

'हो. लिफ्ट नाही. काका, तुमच्यानं होणार नाही.'

'पायऱ्या कशाच्या आहेत?'

'मी काय बघितलं नाही.'

'तुम्ही लोक बघत कुठे असता कळत नाही,' म्हणाले आणि उठायला लागले. उठायलाच एवढा वेळ लागला, की तेवढ्यात मला त्यांना अडवता आलं असतं. पण मी मधे पडलो की काय होतं ते ताजं होतं.

जिना चढायचा मॅडमचा मंत्र आहे : चढताना चांगला पाय पुढे, उतरताना वाईट. खाली उभं राहून काकांनी दोन्ही पायांकडे पाहिलं.

'यातला चांगला कोणता?'

'कमी वाईट तो, काका.'

'मग तसं सांगा की.'

पहिला मजला झाला. दुसरा झाला. दुसऱ्याच्या आणि तिसऱ्याच्या मधल्या वळणावर काका पायरीवर बसले आणि तिथेच राहिले. वर जाता येईना, खाली जाता येईना. चेहरा पांढरा पडला होता. मी वर जाऊन बाईंना सांगितलं. गॅसवर दूध होतं तसंच ठेवून त्या रेलिंग धरून एकेक पायरी उतरायला लागल्या. शेवटी काकांच्या वरच्या चौथ्या पायरीवर टेकल्या. मला म्हणाल्या, 'लिगामेंट, वर जा. दुधाखालचा गॅस बंद कर.'

मी वर निघालो. पण वळण ओलांडल्यावर खालचं बोलणं स्वच्छ ऐकू येत होतं, आणि माझाही गुडघा दुखत होताच. थांबलो.

'जिना वाकडा आहे,' काका म्हणाले.

'चढवत नाही म्हणून जिन्याला नावं ठेवू नका.'

'ही तुमच्या पायाखालची पायरी बाकीच्यांपेक्षा उंच आहे. बांधणाऱ्याला घाई असणार.'

'मी रोज इथेच अडखळते. मला वाटायचं वय झालं.'

'ते झालंच आहे. पण पायरीही उंच आहे.'

मग बाई म्हणाल्या, 'माझ्यामुळे तुम्ही कशाला रद्द केलंत? तुम्हाला कोणी काही विचारलं का?'

'मुलानं विचारलं.'

'काय म्हणालात?'

'म्हटलं, स्थळ चांगलं आहे, पण मजला तिसरा आहे.'

बाई हसल्या नसाव्यात. निदान आवाज आला नाही.

'तुमचं तुम्ही जा सोमवारी,' त्या म्हणाल्या. 'मॅडम काय म्हणाल्यात ते ऐकलंय मी. खुर्चीत बसून ह्या वयात कोणाकोणाला हाका मारणार?'

'जाईन म्हटलं होतं मनात. मग नाही वाटलं.' काका थांबले. 'आमच्या हिचं छोटंसंच ऑपरेशन होतं. आत नेताना मला म्हणाली, गच्चीवरचे कपडे काढा. मी घरी येऊन काढले. घड्या घालून ठेवले.'

पुढचं त्यांनी सांगितलं नाही. बाईंनी विचारलं नाही.

'तेव्हापासून त्या आतल्या खोलीत एकट्यानं नको वाटतं,' काका म्हणाले. 'शेजारी कोणी टोचून बोलणारं असलं की लक्ष तिकडे राहतं. एवढंच. बाकी तुमच्या लेकीला वाईट वाटत असेल तर राहू द्या.'



'मधे पडदा पाहिजे,' बाई म्हणाल्या.

'असतो दवाखान्यात.'

'अर्धा नको. जमिनीपर्यंत.'

'मी बघून घेतो. सरळ लावून घेऊ.'

'आणि ओरडायचं नाही.'

'ते आधीच ठरलंय.'

'लेकीचं मी बघते. लोकांची पोरं गप्प बसवण्यात आयुष्य गेलं, माझी एक बसवता येणार नाही?' मग त्यांचा हुंगल्याचा आवाज आला. 'लिगामेंट, वास कसला येतोय?'

तोपर्यंत दूध उतू जाऊन, आटून, खालून कोळसा झालं होतं. मी धावलो, म्हणजे आमच्या ग्रुपमध्ये ज्याला धावणं म्हणतात ते केलं. धुरातून पातेलं उचललं आणि बेसिनमध्ये टाकलं. त्यावर पाणी सोडलं तेव्हा ते सापासारखं फुसफुसलं.

आम्ही दोघांनी काकांना काखेत हात घालून वरच आणलं, कारण वरचं घर खालच्या रस्त्यापेक्षा जवळ होतं. काका दारात उभे राहिले आणि सवयीनं काठीचं टोक फरशीवर आपटून पाहिलं.

'बद्द वाजतेय. खाली पोकळ आहे.'

'चहा घ्या आधी. मग नावं ठेवा.'

चहा कोरा मिळाला. कारण सर्वांना माहीत होतं. बाईंनी पातेल्यात एकदा डोकावलं. 'माझ्या आईचं आहे,' एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, 'नवीन आणून देतो.' म्हणाल्या, 'नवीन नको. हेच दे.' मी ते पिशवीत घालून घरी आणलं.

मॅडमनी फोन करून दोघांचीही ऑपरेशनं पुन्हा त्याच सोमवारी बसवली. सकाळी काका मुलाबरोबर आले, मी दुकान सोडून आलो. काउंटरवरच्या सिस्टर म्हणाल्या, 'पुरुष पहिल्या मजल्यावर, बायका दुसऱ्या.'

काका म्हणाले, 'शेजारी खाटा सांगितल्या होत्या.'

'कोणी सांगितलं?'

'मधे पडदा पण ठरला होता.'

सिस्टरनी माझ्याकडे पाहिलं. मी भिंतीवरचं हात धुण्याचं चित्र पाहिलं. मॅडम आल्या. काका म्हणाले, 'तुम्ही बघू म्हणाला होतात.'

'बघितलं,' मॅडम म्हणाल्या. 'नाही जमलं.'

ज्या खाटांवरून एवढं रामायण झालं, त्या एका मजल्यावर कधी असणारच नव्हत्या. दोन घरं, एक लेक, एक मुलगा, तीन मजले आणि एक पातेलं एवढं सगळं होईपर्यंत हे कोणी विचारलंच नव्हतं.

काका खाटेच्या कडेला बसले. चपला पायातच. मुलगा म्हणाला, 'बाबा, कपडे बदला.' काका हलले नाहीत. मुलानं पुन्हा सांगितलं. काकांनी दाराकडे पाहिलं, मग जिन्याकडे. मला वाटलं, आता हे उठणार आणि चालायला लागणार, आणि ह्या वेळी मागे धावायची माझी हिंमत नव्हती.

तेवढ्यात माझ्या खिशात आणि त्यांच्या उशीशेजारी एकदमच आवाज झाला. पडद्यावर करडी ओळ होती : बालवाडीच्या बाई ग्रुपमध्ये आल्या. खाली लिहिलं होतं, 'काका, मला आत नेतायत. ओरडू नका. वरपर्यंत ऐकू येतं.'

काकांनी ते वाचलं. आकडे दाबून फोन उघडला. पेरानं टकटक केली : 'तुम्ही आधी.'

मग चपला काढल्या. फरशीच्या सांध्याला लावून सरळ ठेवल्या, टाचा एका रेषेत. मुलाला म्हणाले, 'दे ते कपडे.'

संध्याकाळी ग्रुप पुन्हा जागा झाला.

काका : 'ओरडलो नाही.'

बाई : 'आम्हाला वर ऐकू आलं.'

काका : 'तो शेजारचा.'

बाई : 'त्याचा आवाज हुबेहूब तुमच्यासारखा आहे.'

काका : 'तुमच्याकडे मोठे डॉक्टर हसले म्हणे.'

बाई : 'मी उलटे आकडे मोजत होते. सातला झोपाल, असं ते म्हणाले होते. मी तीनपर्यंत गेले.'

बँकवाल्यांनी गुलाब टाकला. मॅडमनी लिहिलं, 'कृपया फक्त व्यायामाबद्दल बोलावे.'

आता काका वॉकर घेऊन घरातल्या घरात फिरतात, आणि कुठल्या फरशीवर किती वेळ उभं राहता आलं ते कळवतात. 'आज मिठाईवाल्याच्या लालपर्यंत.' बाई विचारतात, 'जिना कधी?' काका लिहितात, 'बघू.' पण त्यांच्या 'बघू'चा अर्थ वेगळा असावा, कारण ती उंच पायरी तासून घ्यायला काय लागेल ते त्यांनी मला दोनदा सांगितलंय आणि मी हत्यारांची पिशवी धरायला यायचं हेही ठरवून टाकलंय.

पातेलं अजून माझ्याकडे आहे. आईनं राख लावली, लिंबू लावलं, सोडा घालून उकळलं. मग माझ्यासमोर आपटून म्हणाली, 'ज्यानं जाळलं त्यानं घासावं.' बाईंना नवीन चालत नाही. त्या रोज सकाळी व्यायाम झाला की ग्रुपवर एकच शब्द लिहितात, 'पातेलं.'

मी लिहितो, 'घासतोय.'

काका विचारतात, 'कुठवर आलं?'

तळ अजून दिसलेला नाही.